शिडी आणि पंगत

मोजण्याची हौस माणसाला जन्मजात असावी. फराळाचे ताट समोर आले की मुले आधी आपापल्या चकल्या मोजतात आणि मग चकली श्रेष्ठ की करंजी यावर वाद घालतात. मोठ्यांचेही काही निराळे नाही. संस्कृतात एक जुने सुभाषित आहे. कवींची गणना सुरू झाली तेव्हा करंगळीवर कालिदासाचे नाव घेतले गेले. त्याच्या तोडीचा दुसरा कवी न सापडल्यामुळे पुढचे बोट रिकामे राहिले आणि 'अनामिका' हे त्याचे नाव सार्थ झाले, असा त्याचा आशय. कल्पना मोठी गोड आहे. पण मोजणाऱ्याला भवभूती आठवलाच नाही, की आठवूनही त्याने बोट मिटून घेतले, हे आपण कधी विचारत नाही. क्रमवारीची मोहिनी आणि तिचा धोका, दोन्ही त्या एका रिकाम्या बोटात आहेत.

हा विषय आज सुचण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या शिरपुरातल्या घरी नातवाला रॉक संगीताचा नाद लागला आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज, त्यांच्या चर्चमधली भक्तिगीते आणि गोऱ्या लोकांचे ग्रामीण गाणे यांच्या मिश्रणातून १९५० च्या आसपास आकाराला आलेले हे संगीत. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकाने केलेली पाचशे सर्वश्रेष्ठ आल्बमांची यादी त्याने मिळवली आहे आणि पहिल्या क्रमांकापासून तो ती इमानेइतबारे ऐकत चालला आहे. एके दिवशी त्याने मला विचारले, "आजोबा, तुमच्या वेळी पहिल्या नंबरचं गाणं कोणतं होतं?" प्रश्न साधा होता. पण त्यात एक गृहीत दडलेले होते: गाण्यांना नंबर असतोच!

आमच्या पिढीने तरी ते गृहीत कुठे नाकारले होते? ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आरंभी अर्ध्या तासात सात गाणी लागत आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा असे. पहिल्याच आठवड्यात नऊ हजार पत्रे आली, असे अमीन सयानी सांगत. पुढे तिची तासाभराची क्रमवार माला झाली. क्रमांकाला सयानी 'पायदान' म्हणत, म्हणजे शिडीची पायरी. आणि शिखरावर पुरेसे आठवडे टिकलेले गाणे बिगुलाच्या गजरात 'सरताज' होऊन मानाने निवृत्त होई. आग्रा रोडवरच्या हॉटेलांत बुधवारी रात्री आठला चहाचे कप थंड होत असत, ते या शिडीपायी. अरुणावतीकाठच्या आमच्या गावाला मुंबईचे ध्वनिमुद्रिकांचे दुकान फार लांब. पण त्या एका तासात आम्ही साऱ्या देशाबरोबर एकाच ओटीवर बसलेले असू. वाद घालायला विषय मिळे आणि नवख्याला कुठून सुरुवात करावी हे कळे. क्रमवारीचे हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि, ही शिडी मोजत काय होती? ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतील खप आणि श्रोतासंघांची मते. म्हणजे गाण्याची उंची नव्हे, तर त्या हंगामातली त्याची मागणी. १९५७ च्या वार्षिक मालेत पहिले आले ते 'जनम जनम के फेरे' या चित्रपटातले एस. एन. त्रिपाठींचे गाणे. गाणे गोडच आहे. पण सचिन देव बर्मन आणि साहिर यांचा 'प्यासा' त्याच सालचा. आज त्या वर्षाचे नाव काढताच रसिकाच्या ओठी काय येते, हे सांगायला नको.

पश्चिमेतही हेच. योगायोग असा की, इंग्लंडमधली पहिली क्रमवारी गीतमालेच्या तीनच आठवडे आधीची. १४ नोव्हेंबर १९५२ रोजी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने ती छापली, तीही वीसेक दुकानांना फोन करून, खपाचे आकडे विचारून. बारा जागांच्या त्या यादीत बरोबरी झाल्यामुळे पंधरा ध्वनिमुद्रिका बसवाव्या लागल्या. शिडीने पहिल्याच दिवशी आपली अडचण कबूल केली होती म्हणायची! पुढे चक बेरीचे काय झाले पाहा. रॉकची गिटार ज्याने घडवली, त्या या माणसाचे 'जॉनी बी. गुड' हे १९५८ चे गाणे अमेरिकेच्या यादीत आठव्या जागेच्या वर सरकले नाही. त्याला पहिला क्रमांक मिळाला तो थेट १९७२ साली, आणि तोही एका चावट, थट्टेखोर गाण्याला.

यावर नातू म्हणेल की खपाच्या याद्या सोडा, जाणकारांची यादी घ्या. त्याच्या हातातली यादी जाणकारांचीच आहे. शेकडो संगीतकार आणि समीक्षक यांची मते घेऊन केलेली. २००३ साली ती प्रथम निघाली तेव्हा बीटल्सचा १९६७ चा 'सार्जंट पेपर' पहिला होता आणि मार्विन गेचा १९७१ चा 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहावा. २०२० साली नव्याने मते घेतली, तेव्हा मार्विन गे पहिला झाला आणि 'सार्जंट पेपर' चोविसावर उतरला. गाण्यांच्या यादीतही २००४ साली बॉब डिलन पहिला होता. २०२१ साली त्या जागी अरीथा फ्रँकलिन आली. या सतरा वर्षांत ध्वनिमुद्रिकांतला एकही स्वर बदललेला नाही. बदलले ते मत देणारे: त्यांचे वय, त्यांचा वर्ण, त्यांच्या काळाची विवेकबुद्धी. माझ्या मते हा बदल पुष्कळ अंशी न्यायाचाच आहे. परंतु निकाल असा फिरू शकतो, याचा अर्थ यादी गाण्याचे मोल सांगत नसून ऐकणाऱ्याचे चरित्र सांगत असते. त्या दृष्टीने वाचली तर ती इतिहासाचे उत्तम साधन आहे. निवाडा म्हणून वाचली तर फसवी.

याहून मोठा तोटा आहे तो शिडीवर पायच न ठेवलेल्यांचा. ३ डिसेंबर या तारखेला आम्हां खानदेशकरांच्या लेखी आणखी एक अर्थ आहे. गीतमाला सुरू होण्याच्या बरोबर एक वर्ष आधी, ३ डिसेंबर १९५१ रोजी, बहिणाबाई चौधरी जळगावात वारल्या. असोद्याची ही निरक्षर शेतकरीण जात्यावर आणि शेतात ओव्या रचत राहिली. त्यांतल्या ज्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी टिपून ठेवल्या, त्याच उरल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' निघाली ती १९५२ सालीच. म्हणजे ज्या वर्षी गाण्यांना क्रमांक लावणे सुरू झाले, त्याच वर्षी, कुठल्याही क्रमांकात न बसणारे आमचे सर्वांत अस्सल गाणे पुस्तकात आले. टिपणारे घरात नसते तर? आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून अहिराणीत गौराईची गाणी म्हणतात. त्यांतली किती वाऱ्यावर गेली, याचा हिशेब कोणती यादी देणार?

रॉकच्या घरातही अशी एक बहिणाबाई आहे. सिस्टर रोझेटा थार्प ही चर्चची भक्तिगीते विजेच्या गिटारीवर वाजवीत असे. १९३८ पासून तिच्या ध्वनिमुद्रिका निघत होत्या. पुढच्या मोठमोठ्या रॉक गायकांनी तिचे ऋण मानले आहे. ती वारली १९७३ साली. रॉकच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये तिचे नाव लागले ते २०१८ साली, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी.

मग काय, उजवे-डावे करूच नये? तसे मी म्हणत नाही. उजवे-डावे करणार नाही तो रसिक कसला! माझे भांडण निवडीशी नाही, क्रमांकाशी आहे. क्रमांक म्हणजे कारण न सांगता दिलेला निकाल. आमच्या जुन्या जाणकारांनी निवड कशी केली ते पाहा. श्लोक वामनाचा, अभंग तुकोबांचा, ओवी ज्ञानेश्वरांची आणि आर्या मोरोपंतांची, असे सांगणारी एक आर्या घरोघर पाठ असे. तीही यादीच आहे आणि तीत निर्णयही आहे. पण कोण कशात मोठा, हे ती सांगते. वामनाला तुकोबांच्या खाली बसवण्याची गरज तिला भासली नाही. ही शिडी नव्हे, पंगत आहे. 'गीतरामायणा'चे तसेच. १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक अशी माडगूळकर आणि सुधीर फडके यांची छप्पन्न गीते पुणे आकाशवाणीवरून आली. त्यांतले पहिल्या नंबरचे कोणते, असे विचारणाऱ्याला रामकथाच कळली नाही म्हणावे लागेल.

पंगतीचे सर्वांत थोर उदाहरण मात्र आज पृथ्वीवर नाही. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' याने अवकाशात सोडली, त्यांच्यासोबत एक सोनेरी तबकडी दिली. तिच्यावर साऱ्या जगातून निवडलेल्या सत्तावीस संगीतरचना आहेत. त्यांत बाख आणि बीथोव्हेन आहेत. चक बेरीचे ते आठव्या जागेवर अडकलेले 'जॉनी बी. गुड' आहे, आणि गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. कुणाच्याही पुढे क्रमांक नाही. रॉक आणि भैरवी एकाच पानाला बसून ताऱ्यांकडे निघाली आहेत.

नातवाची यादी मी काढून घेणार नाही. तिने त्याला दार उघडून दिले आहे. फक्त प्रत्येक यादीला तीन प्रश्न विचारायला मी त्याला सांगितले आहे: मोजले कुणी, मोजले काय, आणि मोजायचे राहिले कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला छापील कागदावर मिळणार नाही. त्यासाठी येत्या आखाजीला आपल्याच आजीजवळ, वही आणि पेन्सिल घेऊन, बसावे लागेल.