मनाला संबोधन आणि मनापासून मुक्ती

रामदासांच्या २०५ ‘मनाच्या श्लोकां’कडे बहुधा नीतिपर उपदेश म्हणूनच पाहिले जाते. परंतु त्यांतील संबोधनाची रचना अधिक मूलगामी आहे. मनाला द्वितीय पुरुषात हाक मारताच बोलणारा मनापासून वेगळा होतो. अलिप्तता येथे केवळ आशयात न राहता व्याकरणातच साकार होते. मात्र अहंतात्यागाचा उपदेश करतानाही उपदेश करणारा ‘मी’ शिल्लक उरतोच. ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ त्यालाही आधार ठेवत नाही. सातव्या प्रकरणात अज्ञानाचे खंडन झाल्यावर आठव्यात ज्ञानाचेही खंडन होते. मनाची पकड सुटणे आणि सुटल्याच्या जाणिवेचीही पकड सुटणे, या भिन्न अवस्था होत. दोन्ही ग्रंथांना सरसकट ‘आध्यात्मिक काव्य’ म्हणणारी समीक्षा नेमका हाच भेद पुसून टाकते.