राधेयाची वकिली

गेल्या मे महिन्यात सुटीला आलेल्या नातवाच्या मोबाईलवर मला कर्ण भेटला. पांढऱ्या केसांचा, फिकट वर्णाचा, हडकुळा तरुण. अंगाला चिकटलेले सोनेरी कवच आणि हातात त्याच्या उंचीहून मोठा भाला. "आजोबा, ह्याच्याएवढा चांगला दुसरा कोणी नाही," नातू म्हणाला. खेळ जपानी आहे, नाव 'फेट/ग्रँड ऑर्डर'. तो २०१५ साली जपानात निघाला आणि किनोको नासू हे त्याचे प्रमुख लेखक. जगभरच्या पुराणांतले आणि इतिहासातले वीर तेथे खेळणाऱ्याच्या हाकेला धावून येतात. त्यातल्या एका प्रकरणात कर्ण आणि अर्जुन अठराव्या शतकातल्या अमेरिकेत झुंजतात आणि कर्ण चक्क एडिसनच्या बाजूने असतो. हे ऐकून मी मनसोक्त हसलो, हे कबूल करतो.

पण मग मी थोडा वेळ नातवाशेजारी बसून पाहिले आणि हसू ओसरले. ह्या जपानी लेखकांनी कर्ण वरवर चाळलेला नाही. तो धनुर्धर असूनही त्याच्या हाती भाला आहे, कारण कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने दिलेली शक्ती हेच त्याचे शेवटचे अस्त्र. ते वापरायचे तर अंगावरचे कवच उतरवावे लागते. 'दानाचा वीर' ही त्याची तेथली ओळख. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याची कोणाबद्दल तक्रार नाही. तो तुटक बोलतो, त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो, एवढाच त्याचा दोष. सल आहे तो अर्जुनाला. आपण त्याला कसे मारले, ही बोचणी तो बरोबर घेऊन फिरतो.

तक्रार नसलेला कर्ण! आमच्या पिढीच्या मराठी वाचकाला हे वाक्यच परस्परविरोधी वाटेल. आम्ही वाढलो तो कर्ण म्हणजे मूर्तिमंत गाऱ्हाणे होता. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ साली. सावंत आजऱ्याचे, देसाई कोवाडचे. निपाणीहून काय किंवा बेळगावहून काय, दोन्ही गावे एसटीच्या एकेका तिकिटावर. त्यामुळे आपल्या भागात ही पुस्तके नुसती वाचली गेली नाहीत, ती घरची समजली गेली. आमच्या घरच्या 'मृत्युंजय'ची पाने सुटून तिला दोनदा बांधणी करावी लागली. जन्म एकीकडे, पालनपोषण दुसरीकडे, आणि भर सभेत कोणीतरी कूळ विचारतो: १९५६ नंतर सीमेच्या ह्या बाजूला वाढलेल्या मराठी मुलाला ही कथा कोणी समजावून सांगावी लागत नव्हती.

मी नोकरीत असताना एका कार्यालयात ज्येष्ठता यादीत माझे नाव दोन जणांच्या खाली गेले. चूक उघड होती, अर्ज केले, वर्षे गेली. त्या काळात रात्री 'मृत्युंजय' उघडून मी कर्णाची स्वगते वाचत असे आणि मला बरे वाटत असे. आज त्या बरे वाटण्याकडे मी संशयाने पाहतो.

नोकरीभर मी शेकडो जबान्या वाचल्या. त्या सवयीने 'मृत्युंजय' पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी तरुणपणी आली नव्हती. कादंबरी आत्मनिवेदनांनी बांधलेली आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण बोलतात. रचना म्हणून ही सावंतांची मोठी कामगिरी आहे. विशेषतः धाकट्या भावाला, शोणाला, बोलते करून त्यांनी सूतांच्या घराला आवाज दिला. परंतु साक्षीदारांची यादी पाहा. ह्यात द्रौपदी नाही. अर्जुन नाही. ज्यांच्याशी ह्या माणसाचा उभा दावा आहे, त्यांची जबानीच घेतलेली नाही. अशी फाईल माझ्याकडे आली असती तर मी शेरा मारून परत पाठवली असती.

द्रौपदीची जबानी का हवी, हे सभापर्व वाचलेल्यास सांगायला नको. द्यूतसभेत विकर्ण तिच्या बाजूने उभा राहतो, तेव्हा त्याला गप्प बसवणारा कर्ण आहे. तिला कुलटा म्हणणारा कर्ण आहे. पांडवांची आणि तिची वस्त्रे काढून घे, असे दुःशासनाला सांगणाराही कर्णच आहे. कर्णावर प्रेम करणारा प्रत्येक लेखक ह्या जागी येऊन अडखळतो. मग आधार शोधला जातो तो स्वयंवराचा: तिने भर मंडपात सूतपुत्र म्हणून नाकारले, तो अपमान आत धुमसत होता, आणि सभेत त्याचा भडका उडाला. दुखावलेला मानी पुरुष म्हटला की वाचक माफ करायला तयारच असतो. दुर्दैवाने हा आधार कच्चा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतक खपून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तीत द्रौपदीने कर्णाला नाकारल्याचा प्रसंग मूळ संहितेत राहिलेला नाही, तो उत्तरकालीन भर म्हणून तळटिपांत गेला आहे. तो वगळला की सभेतले शब्द उघडे पडतात, त्यांच्यामागे काही उरत नाही.

इरावती कर्वे ह्यांनी 'युगान्त'मध्ये कर्णाची जी तपासणी केली ती म्हणूनच आम्हाला त्या वेळी रुचली नव्हती. बाईंनी त्याच्या पराक्रमाचाही हिशेब मांडला होता. घोषयात्रेत गंधर्वांपुढून तो पळाला, हे महाभारतातच आहे. पण ते कोणी मोठ्याने म्हणत नसे. मला तेव्हा बाईंचा राग आला होता. आता वाटते, कर्णाला दया न दाखवण्याइतका मान त्यांनीच दिला.

इथे आपल्या शेजारच्या कर्णाचाही विचार करायला हवा. सरकारी नोकरीमुळे कानडी शिकावे लागले, ते आधी परीक्षेपुरते होते. पुढे एका सहकाऱ्याने संध्याकाळी बसून पंपाचा अर्थ सांगितला आणि ते माझे झाले. पंपाचे 'विक्रमार्जुनविजय' इ. स. ९४१ चे. आश्रयदाता अरिकेसरी, त्यालाच अर्जुन कल्पून काव्य रचलेले. म्हणजे नायक ठरलेला, बिदागीही त्याच्याकडूनच यायची. आणि हा कवी भर काव्यात सांगतो की भारतात कोणाला आठवायचेच असेल तर कर्णाला आठवा. राजाच्या पंक्तीत बसून हे लिहिणे सोपे नाही. पुढे पंधराव्या शतकात गदगच्या कुमारव्यासाने वेगळेच मर्म हेरले. त्याच्याकडे कृष्ण कर्णाला जन्मरहस्य सांगतो ते सत्य म्हणून नव्हे, हत्यार म्हणून. कर्णाचे बळ युद्धाआधीच खचते. ह्या दोघांनीही कर्णाचे वकीलपत्र घेतलेले नाही. भैरप्पांच्या १९७९ च्या 'पर्व'मध्ये तर दैवी झळाळीच काढून टाकली आहे. ती कादंबरी मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

लोकपरंपरा मात्र द्रौपदीलाच बोलते करते. शाहीर विठ्ठल उमपांनी गाजवलेल्या 'जांभूळ आख्याना'त ती कबूल करते की कर्णाकडे पाहून तिचे मन हलले होते. पंडितांनी तिची साक्ष टाळली, गोंधळ्याने घेतली!

ह्या सर्वांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो व्यासांचाच कर्ण, आणि तोही रणांगणावरचा नव्हे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात बसवून बाजूला नेतो आणि सांगतो, तू कुंतीचा थोरला, राज्य तुझे. कर्णाला हे नवे नाही. तो उत्तर देतो ते कोणत्याही कादंबरीतल्या स्वगतापेक्षा साधे आहे. मला पाहताच राधेला पान्हा फुटला. अधिरथाने माझे संस्कार केले, माझी लग्ने लावून दिली. मला मुले झाली, नातवंडे झाली. आता सगळ्या पृथ्वीच्या बदल्यातही हे खोटे करता येणार नाही. वर तो विनवतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कारण तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. शेवटी, दुर्योधनाला खूष करण्यासाठी पांडवांना जे कठोर बोललो त्याचा आज ताप होतो, असेही सांगतो. स्वयंवराचे नाव काढत नाही. सबब देत नाही.

'राधेय' हे नाव देसाईंनी शीर्षकाला घेतले, ह्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. शिरवाडकरांच्या नाटकाचे नाव 'कौंतेय' आहे. ह्या दोन शब्दांतच सगळा वाद आहे. आपल्याला भुरळ पडली ती बहुतेक वेळा हिरावलेल्या कौंतेयपदाची. रथात बसून ते नाकारणारा माणूस आपण भराभर ओलांडून गेलो. मीही गेलो.

नातवाला मी तो उतारा मराठीत सांगितला. त्याने खेळ बाजूला ठेवून ऐकले, हे नमूद करतो. मग विचारले, "राधेचं पुढे काय झालं?" मी स्त्रीपर्व काढले. गांधारी रणात कर्णासाठी आक्रोश करणाऱ्या त्याच्या पत्नीला पाहते. गंगेच्या काठी जलांजली देताना कुंती एकदाचे तोंड उघडते आणि युधिष्ठिर हादरतो. राधा मला तेथे सापडली नाही. 'मृत्युंजय'च्या सहा साक्षीदारांतही ती नाही, हे मला तेव्हाच जाणवले. नातवाला म्हटले, शोधतो. अजून शोधतो आहे.