स्थिरांक की बदलते क्षेत्र? : एका प्रश्नाच्या मांडणीविषयी

१९ मार्च २०२५ रोजी अ‍ॅरिझोनातील किट पीक येथील 'डेसी' ह्या वर्णपटदर्शी उपकरणाने केलेल्या पहिल्या तीन वर्षांच्या निरीक्षणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हापासून विश्वरचनाशास्त्रातील एक जुना प्रश्न विद्यापीठीय चर्चांत, आणि वृत्तपत्रांतही, नव्याने विचारला जात आहे. विश्वाचे प्रसरण उत्तरोत्तर वेगवान करणारी जी 'कृष्ण ऊर्जा', ती एक स्थिरांक आहे, की ते काळानुसार बदलणारे एक क्षेत्र आहे? प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. पदार्थविज्ञानातील वादाचा निवाडा करण्याचा अधिकार त्याचा नव्हे. परंतु वाद ज्या शब्दांत मांडला जातो ते शब्द तपासणे हे भाषाभ्यासकाचे कामच होय. आणि ह्या प्रश्नाच्या बाबतीत ते काम कोणी तरी करणे अगत्याचे झाले आहे. कारण, दोन पर्याय म्हणून जे आपल्यापुढे ठेवले जातात ते एका पातळीवरचे नाहीत. पहिल्या बाजूस एक संपूर्ण विधान आहे. दुसऱ्या बाजूस दोन निराळी विधाने एकत्र बांधलेली आहेत, आणि त्यांतील एकास मिळालेला पुरावा नकळत दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करू. 'डार्क एनर्जी' हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेल टर्नर ह्यांनी १९९८ मध्ये प्रचारात आणले. मराठीत त्याचे 'कृष्ण ऊर्जा' झाले. इंग्रजीत 'ब्लॅक' व 'डार्क' ही दोन विशेषणे आहेत. आपण 'कृष्णविवर' आणि 'कृष्ण ऊर्जा' ह्या दोहोंसाठी एकच विशेषण योजिले. कृष्णविवर प्रकाश गिळते. कृष्ण ऊर्जा प्रकाश गिळत नाही आणि देतही नाही. तिच्या बाबतीत 'कृष्ण' ह्याचा अर्थ केवळ 'अज्ञात' एवढाच आहे. परंतु विशेषणापेक्षाही नामाचा परिणाम अधिक दूरवर पोचतो. 'ऊर्जा' म्हणताच एखादे द्रव्य, एखादी वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते, आणि वस्तू म्हटली की ती बदलेल, विरेल, वाढेल असे वाटणे स्वाभाविक ठरते. उलट 'स्थिरांक' हा शब्द, त्यातील 'अंक' ह्या उत्तरपदामुळे, आपण एका संख्येविषयी बोलत आहोत ह्याची आठवण ठेवतो. 'क्षेत्र' ह्या शब्दाची अडचण वेगळीच आहे. मराठी माणसाच्या मनात क्षेत्र म्हणजे जमीन, तीर्थस्थान किंवा कार्याचा विस्तार. पदार्थविज्ञानात मात्र अवकाशाच्या प्रत्येक बिंदूशी काही मूल्य जोडलेले असणे म्हणजे क्षेत्र. 'बदलते क्षेत्र' म्हणताना बदलते ते मूल्य, जागा नव्हे. आणि ते मूल्य कसे बदलते ह्याचा नियम सांगितल्यावाचून त्या शब्दास शास्त्रीय अर्थ येत नाही.

हा शेवटचा मुद्दा नवा नाही. तो एक शतकाहूनही जुना आहे. १९१७ मध्ये आइन्स्टाइन ह्यांनी व्यापक सापेक्षता सिद्धांत संपूर्ण विश्वास लावून पाहिला. विश्व स्थिर आहे अशी तेव्हाची समजूत होती. ते तसे राहावे म्हणून त्यांनी आपल्या समीकरणाच्या डाव्या बाजूस, म्हणजे अवकाशाच्या भूमितीच्या बाजूस, एक पद जोडले. पुढच्याच वर्षी एर्विन श्रोडिंगर ह्यांनी असे सुचविले की, तेच कार्य समीकरणाच्या उजव्या बाजूस, म्हणजे द्रव्याच्या बाजूस, ऋण दाबाचे पद घालूनही साधते. आइन्स्टाइन ह्यांचे उत्तर मार्मिक होते. हे पद स्थिर असेल तर नवीन काहीच सांगितले गेले नाही, जुनेच पद बाजू बदलून आले. ते स्थळकाळानुसार बदलत असेल तर त्याच्या बदलाचा नियम द्यावा लागेल. आणि त्या वाटेने गृहीतकांच्या रानात फार खोल शिरावे लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आज जो वाद चालला आहे त्याचे दोन्ही पक्ष १९१८ च्या त्या छोट्या देवघेवीत बीजरूपाने आलेले आहेत. त्याबरोबरच त्यांच्यातील असमतोलही तेथे स्पष्ट झालेला आहे. स्थिरांक मानणाऱ्यास एक संख्या सांगून थांबता येते. बदल मानणाऱ्यास नियम सांगावा लागतो.

पुढे १९२२ मध्ये फ्रीडमन ह्यांनी व १९२७ मध्ये लमेत्र ह्यांनी प्रसरणशील विश्वाची गणिते मांडली. १९२९ मध्ये हबल ह्यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. आणि १९३१ मध्ये आइन्स्टाइन ह्यांनी ते पद सोडून दिले. १९९८ मध्ये दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांची निरीक्षणे करणाऱ्या दोन गटांना ते अपेक्षेपेक्षा अंधुक, म्हणजेच अधिक दूर, आढळले. प्रसरणाचा वेग वाढत आहे असे त्यावरून निष्पन्न झाले. पर्लमटर, श्मिट आणि रीस ह्यांस त्याबद्दल २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि टाकून दिलेला स्थिरांक सन्मानाने परत आला. क्षेत्राची कल्पनाही तोपर्यंत तयार होती. १९८८ मध्ये रात्र व पीबल्स ह्यांनी, तसेच स्वतंत्रपणे वेटेरिख ह्यांनी, हळूहळू उतरणाऱ्या मूल्याच्या अदिश क्षेत्राची मांडणी केली होती. १९९८ मध्ये अशा क्षेत्रास 'क्विंटेसन्स', म्हणजे पाचवे तत्त्व, हे ग्रीक परंपरेतील नाव मिळाले.

ह्या दोन कल्पनांतील भेद एका गुणोत्तराने मोजतात : दाब भागिले ऊर्जेची घनता. स्थिरांकासाठी हे गुणोत्तर सदैव उणे १ असते. विश्व कितीही फुगले तरी घनता कमी होत नाही. साध्या अदिश क्षेत्रासाठी ते उणे १ च्या वर कोठे तरी असते व काळानुसार बदलू शकते. पण अशा क्षेत्रात ते उणे १ च्या खाली कधीच जात नाही. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता डेसीचे निष्कर्ष पाहू. पाच हजार प्रकाशतंतूंच्या साहाय्याने हे उपकरण दीर्घिका व क्वासार ह्यांचे वर्णपट घेते. तीन वर्षांत अशा सुमारे दीड कोटी वस्तूंची नोंद झाली. दीर्घिकांच्या वाटणीत सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षांची एक ठरावीक लांबी आदिविश्वातील ध्वनितरंगांनी उमटवून ठेवली आहे. निरनिराळ्या काळी ही मोजपट्टी केवढी दिसते, ह्यावरून प्रसरणाचा इतिहास काढता येतो. ही निरीक्षणे एकटी घेतली तर ती स्थिरांकाशी विसंगत नाहीत. वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारणाच्या मापनांशी ती जोडली की विसंगती ३.१ प्रमाण विचलनांची होते. त्यांत नवताऱ्यांचे तीन निरनिराळे संग्रह आळीपाळीने घातले की ती अनुक्रमे २.८, ३.८ आणि ४.२ अशी येते. शोध म्हणून मान्यता मिळण्यास ह्या शास्त्रात ५ ची पातळी रूढ आहे. येथे एक गोष्ट ध्यानात यावी. आकाश एकच, पण संग्रह बदलला की आत्मविश्वास बदलतो. जॉर्ज एफस्टाथिओ ह्यांनी जवळच्या व दूरच्या नवताऱ्यांच्या तेजाच्या मापनांत दोन संग्रहांमध्ये सुमारे ०.०४ प्रतीचे अंतर दाखवून शंका उपस्थित केली. संबंधित गटाने तिला उत्तरही दिले. परंतु २०२५ च्या अखेरीस त्याच गटाने आपल्या मापनांचे प्रमाणीकरण नव्याने केले, तेव्हा ४.२ चा आकडा ३.२ वर आला. हा त्या गटाच्या प्रामाणिकपणाचा दाखला आहे. तसाच तो घाईने लिहिणाऱ्यांस इशाराही आहे.

तथापि क्षणभर असे धरू की ४.२ हाच आकडा खरा आहे. मग तरी काय सिद्ध होते? ह्या विश्लेषणात गुणोत्तराचे आजचे मूल्य आणि त्याच्या बदलाचे माप अशी दोन प्राचले घेतलेली आहेत. उपर्युक्त संग्रहासह आजचे मूल्य सुमारे उणे ०.७५ आणि बदलाचे माप सुमारे उणे ०.८६ येते. विश्वातील अंतरे आजच्या किती अंश होती तो अपूर्णांक १ मधून वजा करून बाकीस दुसऱ्या प्राचलाने गुणावे व गुणाकार पहिल्यात मिळवावा, असे हे सूत्र आहे. कोणाही विद्यार्थ्यास ते कागदावर करून पाहता येईल. अंतरे आजच्या सुमारे ७१ टक्के होती तेव्हा, म्हणजे चारशे कोटींहून थोड्या अधिक वर्षांपूर्वी, गुणोत्तर उणे १ होते. त्यापूर्वी ते उणे १ च्याही खाली होते, आणि आरंभाकडे जाता जाता ते उणे १.६ पर्यंत पोचते. परंतु साधे अदिश क्षेत्र तर ही मर्यादा कधीच ओलांडीत नाही. म्हणजे ज्या आकड्यांच्या बळावर 'बदलते क्षेत्र' जिंकले असे म्हटले जाते, ते आकडे जसेच्या तसे घेतल्यास ह्या पक्षातील सर्वांत साधा उमेदवार प्रथम बाद होतो! राहतात ते अधिक गुंतागुंतीचे पर्याय : एकाहून अधिक क्षेत्रे, कृष्णद्रव्याशी देवघेव करणारे क्षेत्र, किंवा गुरुत्वाकर्षणाच्याच नियमातील फेरफार. अथवा असेही असेल की, दोन प्राचलांचे हे सूत्र ही केवळ सोयीची सरळ रेषा आहे, आणि आदिकाळातील उणे १.६ हे त्या रेषेने आपण होऊन पुढे ओढलेले टोक आहे. ह्यांपैकी काहीही खरे ठरले तरी 'बदल' आणि 'क्षेत्र' ही एक गोष्ट नव्हे, एवढे निश्चित.

आमच्या शास्त्रात असा प्रसंग येऊन गेला आहे. मॉरिस स्वॉडेश ह्यांनी १९५० च्या सुमारास भाषांच्या विभाजनाचा काळ मोजण्याची एक रीत बसविली. मूलभूत शब्दांच्या शंभराच्या यादीपैकी हजार वर्षांत सुमारे ८६ टक्के शब्द टिकतात, आणि हे प्रमाण सर्व भाषांत सर्व काळी सारखेच असते, असे त्यांचे गृहीतक होते. विद्यार्थिदशेत प्रस्तुत लेखकाने मराठी व कोंकणी ह्यांच्या शब्दयाद्या घेऊन त्या रीतीने हिशेब केला होता. उत्तर वर्षांत आले, आणि ते वर्षांत आले ह्याचाच मोठा आनंद झाला. आपण काळ मोजला नसून गृहीत धरलेल्या स्थिरांकाचे रूपांतर वर्षांत केले, हे पुढे कळले. १९६२ मध्ये बर्गस्लांड व फोग्ट ह्यांनी आइसलँडिक, नॉर्वेजियन, जॉर्जियन आणि आर्मेनियन ह्या लेखी इतिहास असलेल्या भाषा तपासून ते प्रमाण स्थिर नाही असे दाखविले. स्थिरांक पडला. पण त्यामुळे शब्द कोणत्या कारणाने लवकर किंवा उशिरा जातात ह्याविषयीचा एकही सिद्धांत आपोआप सिद्ध झाला नाही. ती कारणे भाषागणिक स्वतंत्रपणे शोधावी लागली, आणि तो शोध अद्याप चालू आहे.

ह्याउलट, केवळ गणिती पदाचे वस्तूत रूपांतर होण्यास काय लागते, ह्याचेही उदाहरण आमच्याकडे आहे. फेर्दिनां द सोस्यूर ह्यांनी १८७८ मध्ये आद्य भारत-युरोपीय भाषेतील स्वरबदलांची व्यवस्था लावताना काही घटक कल्पिले. कोणत्याही ज्ञात भाषेत ते आढळत नव्हते, आणि त्यांनी त्यांस नावही 'गुणक' ह्या अर्थाचेच दिले होते. १९२७ मध्ये कुरिलोविच ह्यांनी दाखविले की, नव्याने वाचल्या गेलेल्या हित्ती भाषेत त्यांपैकी काही जागी खरोखरच एक व्यंजन उभे आहे. त्या घटकांचे अस्तित्व मान्य होण्यास ज्या स्वरबदलांवरून ते कल्पिले ते पुरेसे ठरले नाहीत; दुसऱ्या प्रकारची साक्ष यावी लागली. विश्वरचनाशास्त्रातही ह्याची उलट बाजू आपल्या परिचयाची आहे. फ्रेड हॉइल व जयंत नारळीकर ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात स्थिर-स्थिती सिद्धांतासाठी ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र गणिती नियमासह मांडले. प्रसरणास चालना देणारे क्षेत्र ही कल्पना म्हणून आपल्याला परकी नाही. त्या सिद्धांताची पीछेहाट झाली ती क्षेत्राचे गणित चुकले म्हणून नव्हे; १९६५ मध्ये सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध लागला, म्हणजे दुसऱ्या प्रकारची साक्ष विरुद्ध गेली, म्हणून.

तेव्हा आज विद्यार्थ्यांनी प्रबंधात काय लिहावे? प्रसरणाचा इतिहास उणे १ ह्या स्थिर गुणोत्तराशी पूर्णपणे जुळत नसावा असे सूचित करणारी निरीक्षणे २०२४ व २०२५ मध्ये पुढे आली. त्यांचे बळ नवताऱ्यांच्या संग्रहावर अवलंबून आहे. आणि ती खरी ठरली तरी त्यांनी एक विधान खोडले जाईल, त्या जागी दुसरे बसणार नाही. क्षेत्राचे नाव घ्यावयाचे असेल तर त्याचा नियम द्यावा, आणि अंतरांच्या मापनाहून निराळी अशी त्याची एखादी खूण दाखवावी. २०२३ मध्ये अवकाशात गेलेली युक्लिड दुर्बीण आणि चिलीतील रूबिन वेधशाळा दीर्घिकांच्या समूहांची वाढ मोजणार आहेत. प्रसरणाचा इतिहास व समूहांची वाढ ह्यांची संगती लागते की नाही, ह्यावरून निदान गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलावयाचा की विश्वात नवा घटक मानावयाचा, ह्यासंबंधी काही बोलता येईल.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. स्थिरांक खरा असेल तर विश्वाचे प्रसरण असेच वेग घेत जाणार, एवढे तरी सांगता येते. तो खरा नसेल तर भविष्याविषयी बोलण्याचा आपला अधिकार तो नियम हाती येईपर्यंत संपतो. कारण चारशे कोटी वर्षांपूर्वी ज्या रेषेने वळण घेतले ती उद्या कोठे जाईल, हे रेषा सांगत नाही. 'स्थिरांक नाही' ह्या वाक्यापुढे तूर्त पूर्णविराम द्यावयाचा झाला तरी पुढचे वाक्य अद्याप लिहिले गेलेले नाही, ह्याची जाणीव आपल्या लेखनात राहिली म्हणजे पुरे.