तहकूब सभा

आमच्या गावची ग्रामसभा मी लहानपणापासून ओसरीवरच पाहिली. शिपाई रजिस्टर घेऊन यायचा. "काकी, हितं सही करा."

"कशाची रं?"

"सभेची."

"कवा झाली?"

तो नुसता हसायचा. आई सही करायची. सह्यांच्या वरचं पान कोरं असायचं. तशाच एका पानावर पुढं ठराव लिहिला गेला आणि आमच्या वस्तीची पाण्याची लाईन दुसरीकडं वळली. खाली आईचं नाव होतंच.

ग्रामसभेच्या गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांत जो आकडा कमी तेवढी हजेरी लागते. पण सभा तहकूब झाली, की पुढच्या सभेला ती अटच उरत नाही. म्हणजे लोक आले नाहीत, तर कुणाचं तरी फावतंच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं बहुमत सोडून सर्वसहमतीची रीत धरली. तिथं एकाचा नकारसुद्धा ऐकून घ्यावा लागतो. आमच्याकडं होकारसुद्धा न विचारता नेला.

शिपायाला काय बोलायचं? मी शिकलेला, शेजारीच बसलेला असायचो. "आधी वर लिही, मग सही," एवढं मलाही कधी म्हणता आलं नाही.