‘तंबी’ शब्दाचा अर्थ व मूळ

जुन्या मोडी पत्रांत ‘तंबी’ हा शब्द आला कीं, आजच्या रूढ अर्थानें ‘समज’ किंवा ‘दटावणी’ असें धरून पुढें जाण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे; कारण या एका शब्दाच्या अर्थावरून घडलेली हकीकतच पालटते.

मूळ शब्द अरबी ‘तन्बीह’. न्-ब्-ह या धातूचा अर्थ जागें होणें, सावध होणें. तेव्हां तन्बीह म्हणजे जागें करणें. अरबी व्याकरणांत श्रोत्याचें लक्ष वेधणाऱ्या अव्ययासहि हीच संज्ञा आहे. इब्न सीना (मृत्यु इ. स. १०३७) याच्या एका ग्रंथाचें नांवच ‘अल्-इशारात वत्-तन्बीहात’ असें आहे. आपले ‘इशारा’ व ‘तंबी’ हे दोन्ही शब्द तेथें शेजारीं बसले आहेत, आणि दोहोंतहि धाकाचा लवलेश नाहीं.

ब-पूर्वींच्या न-काराचा उच्चार अरबींतहि म-कारासारखा होतो. अंत्य ह-कार मराठींत गळाला, जसें निगाह–निगा, दर्गाह–दर्गा. तमिळ ‘तंबि’, म्हणजे धाकटा भाऊ, याचा येथें कांहीं संबंध नाहीं. तंजावरकडील कागद वाचणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

मग शिक्षेचा अर्थ आला कोठून? मोगल दरबारच्या फारसींत बंडखोरांवर फौज पाठवून त्यांस वठणीवर आणणें यासहि ‘तन्बीह’च म्हणत. पेशवेकालीन ‘तंबी पोंचविणें’ हा प्रयोग याच वळणाचा असून त्याचा अर्थ पारिपत्य करणें असा आहे. ‘नसीहत’ शब्दाचीहि हीच गत झाली: मूळचा हितोपदेश, पण दप्तरी मराठींत ‘नसियत’ म्हणजे शासन. ज्याच्या हातीं फौज, त्याच्या भाषेंत जागें करणें व ताडणें यांत अंतर उरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

म्हणून संग्राहकांनीं टिपणांत नुसतें नाम उतरून न घेतां क्रियापदासह सबंध वाक्य उतरावें. तंबी ‘दिली’ कीं ‘पोंचविली’, कोणीं कोणास, आणि जवळपास स्वार-प्याद्यांचा उल्लेख आहे काय, हें पाहावें. एरव्हीं ज्याचें ठाणें उठविलें गेलें तो पाटील आमच्या इतिहासांत केवळ चार शब्द ऐकून घरीं परतेल, आणि ज्यास चार शब्दच ऐकविले त्याच्यावर आम्ही फौज चालून नेऊं.