सुधारित विळा कोणत्या हाताचा?

परभणीच्या शिवारात सोयाबीन कापायला दातेरी विळा वापरतात. वारंवार धार लावावी लागत नाही, ओढीसरशी खोड कापले जाते. हा गुण आम्हाला मान्य आहे. पण बरेच विळे एकाच बाजूने घासलेले असतात. कापताना पाते सपाट बाजूकडे कलते; हा कल उजव्या हाताच्या सोयीचा. डावखुऱ्याला विळा उलटा धरावा लागतो. मग कल उलटतो, आणि बोटे घासू नयेत म्हणून वर वाकवलेली मूठ उलट जमिनीला टेकते. दहांतला सुमारे एक जण डावखुरा असतो. उक्त्या कामात तो मागे पडला, तर मजुरीच घटते. शाळेत आपण त्यालाच ‘हात बदल’ म्हणतो. वर्गात विळा आणा, जपून दोन्ही हातांत धरून पाहा आणि मुलांना विचारा : बदलायचे काय, हात की विळा?