ग्वेंडोलेन हार्लेथ : महत्त्वाकांक्षा कीं निरुपाय ?

जॉर्ज एलियट हें पुरुषी नांव धारण करून लिहिणाऱ्या मेरी अ‍ॅन इव्हान्स या विदुषीची ‘डॅनिएल डेरोंडा’ ही अखेरची कादंबरी. १८७६ सालीं ती आठ भागांत क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यांत दोन कथानकें शेजारीं शेजारीं चालतात : एक, आपल्या जन्माचें गूढ उकलतां उकलतां यहुदी समाजाशीं जोडल्या जाणाऱ्या डेरोंडाचें, दुसरें, ग्वेंडोलेन हार्लेथ या रूपगर्वितेचें. दुसऱ्याची स्तुति व पहिल्याची उपेक्षा हा टीकाकारांचा जुना परिपाठ आहे. एफ्. आर्. लीव्हिस यांनीं तर १९४८ सालच्या ‘द ग्रेट ट्रॅडिशन’ या ग्रंथांत ग्वेंडोलेनचा भाग निराळा काढून स्वतंत्र कादंबरी म्हणून वाचावा, असें सुचविलें. त्या सूचनेचा विचार पुढें करूं. आधीं या मुलीविषयीं.

जर्मनींतील ल्यूब्रॉन या गांवीं रुलेटच्या टेबलाशीं ती प्रथम आपणांस दिसते. ती जिंकत असते. डेरोंडाची दृष्टि तिच्यावर पडते आणि ती हरूं लागते. बिऱ्हाडीं परतल्यावर आईचें पत्र मिळतें : ग्रॅपनेल आणि कंपनी बुडाली, घराचें होतें नव्हतें तें तिच्यांत गेलें. परतीच्या प्रवासासाठीं ती पेरोजांचा कंठा गहाण टाकते. हे खडे तिच्या बापाचे. परंतु बापाची तिला आठवणही नाहीं. बुडालेला पैसा मूळचा आईच्या वडिलांचा. ते वेस्ट इंडीजमधले, एवढें म्हटलें कीं ती संपत्ति कोठून आली हें पुढें विचारण्याची सोय नसे. लेखिकेनें हें एका वाक्यांत उरकलें आहे. परंतु ज्या पैशाच्या उगमाकडे घरांत कोणी पाहिलें नाहीं, त्याच्याच बळावर ही मुलगी राणीसारखी वाढली, हें चाणाक्ष वाचकाच्या ध्यानांत राहतें.

ग्वेंडोलेननें ग्रँडकोर्ट या धनाढ्य जमीनदाराशीं विवाह केला तो घरच्या दारिद्र्यामुळें कीं स्वतःच्या हांवेमुळें ? प्रश्न साधा दिसतो, आणि कादंबरीची रचना प्रथम पहिल्या उत्तराकडे ढकलते. कारण घर सुस्थितींत असतांनाच लिडिया ग्लॅशर ही ग्रँडकोर्टची परित्यक्त प्रेयसी, त्याच्या चार मुलांची आई, हिला ती भेटलेली असते. तुमच्या आड येणार नाहीं, असें वचन देऊन ती ल्यूब्रॉनला पळालेली असते. वचन दिलें तें संपन्नतेंत, मोडलें तें विपन्नावस्थेंत. मग दोष विपत्तीचा, असें कोणीही म्हणेल.

परंतु मध्यंतरीं लेखिकेनें दोन दारें मुद्दाम उघडीं ठेविलीं आहेत. एका बिशपच्या घरीं मुलींची शिक्षिका म्हणून जागा मिळत होती, आणि आईला व चार सावत्र बहिणींना राहण्यास एक लहानशी कॉटेज पाहून ठेविली होती. उपासमार कोणाचीच नव्हती. दुसरें दार तिनें स्वतःच ठोठावलें. क्लेस्मर या संगीतज्ञाला बोलावून, मला रंगभूमीवर नांव मिळवितां येईल काय, असें तिनें विचारलें. हा प्रसंग आमच्या मतें साऱ्या ग्रंथांत सरस आहे. क्लेस्मर निर्दय नाहीं. तो तिच्या सौंदर्याला मान देतो, पण शिकण्याचें वय निघून गेलें, पुष्कळ कष्ट केलेस तरी सामान्य कोटींतच राहशील, हें लपवीत नाहीं. येथें तिला जी जखम होते ती गातां येणार नाहीं म्हणून नव्हे. गाण्यावर तिचें प्रेम कधींच नव्हतें. कोणीतरी तिला रांगेंत उभें करून तिचा क्रमांक सांगितला, हें तिला सहन होत नाहीं. तिची महत्त्वाकांक्षा अशी रिकामी आहे. कांहीं करावें ही इच्छा तींत नाहीं, सर्वांनीं आपल्याकडे पाहावें एवढीच आहे. अशा आकांक्षेला पुरणारें एकच स्थान शिल्लक राहतें, तें म्हणजे धनिकाची पत्नी.

म्हणून पैशाच्या अडचणीनें तिला विवाहाकडे लोटलें, असें आम्हांस वाटत नाहीं. अडचणीनें तिच्या हांवेला कर्तव्याचा पोषाख दिला. मागणी घालतांना ग्रँडकोर्ट तिच्या आईच्या सोयीचा उल्लेख करतो, आणि होकार मिळतांच अंगठीबरोबर ५०० पौंडांचा चेक धाडतो. या मनुष्याला दुसऱ्याच्या मनांतील सबब नेमकी हेरतां येते. आईचें दुःख खरें, मुलीची कळकळही खरी. पण त्या कळकळीआड वचनभंग किती सहज झांकला जातो! ‘पण लक्षांत कोण घेतो ?’ मधील यमूच्या हालांनीं ज्याचें मन द्रवलें आहे, अशा आमच्या वाचकास ही मुलगी कदाचित् परकी वाटेल. यमूला कोणी विचारीत नाहीं; ग्वेंडोलेनला सारेच विचारतात, आणि ‘हो’ ती स्वतः म्हणते.

दोष नाहींत असें नाहीं. चारही बहिणी नांवापुरत्याच आहेत. ज्यांच्यासाठीं त्याग केला म्हणावयाचें, त्यांपैकीं एक तरी जिवंत उभी राहिली असती तर सबबीचें वजन वाचकालाही जाणवलें असतें. मॉर्डेकायचीं भाषणें लांबतात, हेंही खरें.

तथापि लीव्हिस यांची कात्री आम्हांस मान्य नाहीं. आपली जीत ती दुसऱ्याची हार, अशा जुगाराविषयीं डेरोंडा ग्वेंडोलेनशीं जें बोलतो, तेंच तिच्या विवाहाला लागू पडतें : ती जिंकली, लिडिया व तिचीं मुलें हरलीं. हा हिशेब तिच्यापुढें मांडणारा मनुष्य कापून काढल्यास एका गर्विष्ठ मुलीच्या दुर्दैवी संसाराची सुबक हकीकत तेवढी हातीं राहील.

जिनोआजवळ समुद्रांत ग्रँडकोर्ट बुडतो. मृत्युपत्राप्रमाणें इस्टेट लिडियाच्या मुलाला जाते. ग्वेंडोलेनला वर्षाला २००० पौंड आणि गॅड्समीअरचें घर मिळतें, म्हणजे ज्या घरांत त्यानें लिडियाला इतकीं वर्षें ठेविलें होतें तेंच. तेव्हां ती डेरोंडाला विचारते, आईपुरतें घेऊन बाकीचें नाकारूं काय ? आईचें नांव पुन्हां येतें, पण या वेळीं कमी घेण्यासाठीं.